पाठ नसलेली दुआ

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली आणि माझ्या बायकोला, रुखसानाला म्हणाले, "मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली आहे. स्ट्रोक आहे. यांचा उजवा हात आणि बोलणं, दोन्हींवर परिणाम झालाय."

मी स्ट्रेचरवर पडून ऐकत होतो. सगळं समजत होतं. "घाबरू नको," एवढंच तिला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "ता, ता, ता."

याला अफेजिया म्हणतात. माणसाला कळत असतं, पण शब्द सापडत नाहीत. तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्याच्यासमोर काहीबाही बोलू नका, तो ऐकत असतो. आणि बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी सोडू नका. मी सोडली होती, रुखसानाला न सांगता.

वॉर्डात आणल्यावर लोक भेटायला येऊ लागले. आमच्यात मानतात की आजाऱ्याची दुआ लवकर कबूल होते. त्यामुळे जो तो माझ्यासाठी दुआ करी आणि जाताना माझ्याकडेच मागे. उदगीरचा मेहुणा सलीम कानाशी वाकून म्हणाला, "दूल्हेभाई, बेटी का रिश्ता अटक्याय. अबी तुमारी ऊपर सीधी लाइन हाय. जरा बोलो ना!"

मी मान हलवली, पण मनातून खजील झालो. नमाज अरबीत, ठरलेली. त्यानंतर हात पसरून मागायची ती दुआ मात्र आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत, लेकरू आईजवळ मागतं तशी. मी वर्षानुवर्षं एक पाठ ओळ पुटपुटायचो, तोंडावरून हात फिरवायचो आणि मोटार रिवाइंडिंगचं दुकान गाठायचो. कुणी म्हणालं, "दुआ में याद रखो," की "हौ" म्हणायचो आणि विसरायचो. आता मागायची इच्छा झाली, तर शब्दच नव्हते.

आणि एका दुपारी, पडल्या पडल्या नमाज पढताना, माझ्या तोंडून अलहम्दची, म्हणजे कुराणातली पहिली, अख्खी सूरा खणखणीत बाहेर पडली! एकही अक्षर अडलं नाही.

"बोले! अजी, बोले!" रुखसाना ओरडली. सलीम धावत जाऊन पेढे घेऊन आला. शेजारच्या खाटेवरचे औशाचे अप्पा पेढा खात म्हणाले, "आता गप्पा हाणू की, मालक!"

"अब मेरा नाम लो," सलीम म्हणाला.

"ता, ता."

त्याचा हात पेढ्याच्या डब्यातच राहिला.

स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलायला पुन्हा शिकवणाऱ्या मॅडम, यांनी समजावलं, "पाठ केलेलं, गाणं, आकडे, हे मेंदूत दुसऱ्या वाटेनं येतं. चांगली खूण आहे. पण स्वतःचं वाक्य दर वेळी नव्यानं जुळवावं लागतं. एकेक शब्द घ्या. घाई नको."

मला वाटलं, माझ्या मेंदूनंच माझी चुगली केली. पाठांतर शिल्लक, स्वतःचं काहीच नाही.

मॅडम चित्रं दाखवायच्या: कप, कंगवा, पंखा. मी अडलो की घरचे घाईनं शब्द पुरवायचे. तेव्हा एकदम सुचलं, सराव दुआतच करावा! तिथं मध्येच तोडून कुणी आपलं वाक्य पूर्ण करत नाही. अल्लाह थांबतो. या विचारानंच मला इतका हुरूप आला की मी रोज हात पसरून एखाद्या शब्दाची वाट बघू लागलो.

उजवा हात उचलला जात नसे. तो रुखसाना खालून धरायची. त्या दिवशी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर तिनं तो असाच धरला होता. स्टुलावर बसून बसून तिचे डोळे सुजले होते. मी तिच्याकडे पाहिलं, आणि आतून काहीतरी सरकत आलं.

"अल्लाह... इसकू... नींद... दे."

माझे शब्द! कुठं पाठ नसलेले!

रुखसाना रडत रडत रागावली, "अजी, अपने वास्ते मांगना था ना! जबान मांगते! नींद कायकू मांगे?"

मी हसत होतो. अप्पा खाटेवर उठून टाळ्या वाजवत होते.

पुढं बरेच महिने लागले. आजही अडखळतो, पण बोलतो. अल्लाहचा शुक्र आहे. आणि आता कुणी दुआ मागितली की त्याचं नाव घेऊन, सावकाश, माझ्याच शब्दांत मागतो. पण ती पहिली दुआ काही लगेच कबूल झाली नाही. त्या रात्री रुखसाना झोपली कुठं? उदगीरपासून नांदेडपर्यंत सगळ्या नातेवाइकांना ती फोन लावत बसली होती.