मागची सीट आणि एकशे अडतीस

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच महिने वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून सोडून देतो. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळावरचा आवाज... माझा यातल्या कशावरच कधी विश्वास नव्हता. सगळी नोकरी एका औषधांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला गेली. प्रेशर गेज, तापमापक, फ्लो मीटर तपासायचे आणि चुकत असतील तर कॅलिब्रेट करायचे, हे माझं काम. काटा भलतंच काही दाखवायला लागला की आम्ही आधी काटा तपासायचो, नारळ फोडायला जायचो नाही. स्वभावही तसाच झाला. सुनीता, माझी बायको, म्हणायची की यांनी लग्नात अक्षतासुद्धा मोजून घेतल्या असतील.

सुनीता गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास गेली. जे सांगतोय ते तिच्याबद्दलच आहे.

आम्ही मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमध्ये राहतो. आता ‘राहतो’ म्हणजे मी एकटाच. गिरगावातून इथे आलो तेव्हापासून आमचा एक नेम होता, रविवारी सकाळी बाईकवरून उत्तनला जायचं आणि ताजी मासळी घेऊन यायचं. मासळी घराजवळही मिळते, पण सुनीताला हिराताईकडचीच लागायची. हिराताई म्हणजे उत्तनची कोळीण. दोघींची इतकी मैत्री की मासळी घेऊन झाल्यावरही अर्धा तास गप्पा चालायच्या, आणि मी आपला पिशवी धरून बांबूंवर वाळत घातलेले बोंबील बघत उभा.

गंमत म्हणजे सुनीताला बाईकची भयंकर भीती वाटायची. हृदयाच्या झडपेचा जुना त्रास होता, ठोके आधीच जलद. वळण आलं की माझा शर्ट पाठीमागून मुठीत धरायची. उत्तनला उतरलो की माझी बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवून म्हणायची, ‘बघा कशी पळतेय.’ मी म्हणायचो, रिक्षाने जाऊ या. तर ते नको. घाबरायचं पण यायचं, असा तिचा हिशोब.

शेवटचे काही दिवस ती आयसीयूत होती. पलंगाशेजारी मॉनिटर, त्यावर तिचे ठोके. मला दुसरं काही कळत नव्हतं, आकडे तेवढे कळत होते, म्हणून मी ते बघत बसायचो. एकशे अडतीस, एकशे चाळीस, परत एकशे अडतीस. औषधं दिली तरी खाली यायचं नाव नाही. गिळताना ठसका लागेल म्हणून तोंडाने काही द्यायचं नव्हतं, नळीतून काय जाईल तेवढंच. भेटायला आत सोडलं की ती एकच बोलायची, ‘अहो, भूक लागलीय.’ डॉक्टरांचं बरोबरच होतं, मी कुणाला दोष देत नाही. पण माझी बायको उपाशी गेली, हे काही केल्या मनातून जात नाही. आजही ताट वाढून घेतलं की पहिला घास गिळायला त्रास होतो.

त्याच वर्षी दिवाळीत मृणालने, म्हणजे माझ्या मुलीने, मला स्मार्टवॉच घेऊन दिलं. ती लग्न होऊन भाईंदरला, केबिन रोडच्या मागे राहते. बाप एकटा, म्हणून घड्याळ तिच्या फोनला जोडून ठेवलेलं. ठोके वाढले की तिला तिकडे नोटिफिकेशन.

पहिल्याच रविवारी तिचा फोन. पप्पा, कुठे आहात, बरे आहात ना, ठोके एकशे अडतीस दाखवतंय. मी राई गावाजवळ गाडी बाजूला घेतली होती. मला काहीही होत नव्हतं. ना धाप, ना घाम. गाडीवरून उतरलो आणि पाहिलं तर चौऱ्याहत्तर.

मला हसू आलं. कारण स्पष्ट होतं. ही घड्याळं कातडीवर हिरवा प्रकाश टाकून ठोके मोजतात आणि बाईकची व्हायब्रेशन लागली की त्यांचा गोंधळ उडतो, इंजिनची थरथर त्यांना नाडी वाटते. मृणालला समजावलं. तिने तरी मला कार्डिऑलॉजिस्टकडे नेलंच. ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. डॉक्टरही म्हणाले, व्हायब्रेशनच असेल.

तिथेच विषय संपला असता. पण एका संध्याकाळी केबिन रोडला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. पुढे टेम्पो आडवा, म्हणून मी इंजिन बंद करून गाडीवर नुसता बसलो होतो. व्हायब्रेशनचा प्रश्नच नाही. सहज मनगटाकडे नजर गेली... एकशे अडतीस.

मी काय केलं असेल? दोन बोटं मानेवर ठेवली आणि स्वतःची नाडी मोजली. बहात्तर भरली. घड्याळ माझ्या हातात होतं आणि ठोके दुसऱ्याच कुणाचे तरी मोजत होतं.

मग माझ्यातला इन्स्ट्रुमेंटवाला जागा झाला. मृणालचं घड्याळ घालून गाडी चालवली, तोच आकडा. जावयाची बाईक माझं घड्याळ घालून चालवली, ठोके नॉर्मल. जावयाला घड्याळ घालून माझी बाईक एकट्याने चालवायला लावली, त्याचेही नॉर्मल. फक्त मी आणि माझी बाईक असलो की आकडा चढायचा. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. मागच्या सीटवर कुणी बसलं की आकडा उतरायचा. मृणाल बसली, पंचाहत्तर. शेजारच्या शहाभाईंना स्टेशनला सोडलं, शहात्तर. ते उतरले, सीट रिकामी झाली, की परत एकशे अडतीस.

त्या दिवशी मी शहाभाईंना सोडून घरी येईपर्यंत एकदाही ब्रेक जोरात दाबला नाही. वळणं सावकाश घेतली. तुम्हाला कळलं असेलच का.

पुढचे कित्येक महिने मी कुणालाही काही बोललो नाही. काय सांगणार? पण खोटं कशाला बोलू, मी सुखात होतो. रविवारी एकटाच निघायचो, घड्याळात बघायचो आणि बोलायला लागायचो. मुर्धा आलं बघ. इथे किती टॉवर झालेत बघ. लोक समजायचे ब्लूटूथवर बोलतोय. वर्षश्राद्ध घातलं तेव्हा मला धाकधूक होती की आता हे थांबतं की काय. नाही थांबलं. मनातून बरं वाटलं.

मृणालच्या फोनवर मात्र सारखी नोटिफिकेशन्स जात होती. डॉक्टर काहीही म्हणोत, तिने धसका घेतला होता. आई अशीच गेली, म्हणाली, आता तुम्ही ही बाईक विका. एक गिऱ्हाईकही तिने बघून ठेवलं. तेव्हा माझा नाइलाज झाला आणि मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल, नाहीतर वैतागेल. ती हसली नाही. तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकली.

मग म्हणाली, “पप्पा, म्हणजे आई अजून तशीच आहे? आयसीयूत होती तशी?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती आहे, एवढ्यावरच मी खूश होतो. ती कशी आहे, हा विचारच केला नव्हता. जिवंतपणी एकशे अडतीसने तिची काय दशा झाली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर रविवारी गाडी काढताना हात जड व्हायला लागला. ती राहावी असं वाटायचं आणि तिचे ठोके उतरावेत असंही वाटायचं.

पितृपक्षात अविधवा नवमी असते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलावतात, ओटी भरतात, साडी देतात. वर्षश्राद्धानंतरची ही पहिलीच नवमी. मी असल्या गोष्टी करणारा नव्हे, पण मृणालने ठरवलं, आईच्या नावाने कुणीतरी पोटभर जेवायलाच हवं. आता सवाष्ण कुठून आणायची? सुनीताची बहीण नागपूरला. बिल्डिंगमधल्या दोघी-तिघींना विचारलं तर कुणाचा उपास निघाला, कुणाला ऑफिस. मेलेल्या बाईच्या नावाचं जेवायला बायका कचरतात, त्यात त्यांचीही चूक नाही. मला एकदम हिराताई आठवली. नवरा आहे, सुनीतावर जीव होता. माझी थोरली बहीण फोनवर कुरकुरली की जातीतली नको का. मृणाल म्हणाली, आईला चालत होती ना, मग झालं.

सकाळी उत्तनला गेलो. वाटेत एकशे अडतीस. हिराताईला कसं विचारावं कळत नव्हतं, पण ती लगेच उठली. “वयनीचं जेवन हाय, मी न्हाय कशी म्हनू, भाऊ?” हिरवी साडी नेसून, डोक्यात अबोली माळून आली आणि मागे बसली.

मोर्व्याच्या पुढे मी घड्याळ बघितलं. मागे माणूस बसलेलं, म्हणजे पंचाहत्तरच्या आसपास असायला हवं होतं. एकशे अडतीस होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. घरापर्यंत तो आकडा हलला नाही. मी हिराताईला काही बोललो नाही.

मृणालने सगळं केलं होतं. वरणभात, खीर, उडदाचे वडे, कढी, आमसुलाची चटणी. हिराताई मान खाली घालून जेवायला लागली. ती तशी बारीक अंगाची, अर्ध्या भाकरीची बाई. पण त्या दिवशी भात तीनदा घेतला. खीर परत मागून घेतली. मृणाल वाढत होती, मी समोर बसून बघत होतो आणि आमच्या दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटी हिराताईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि ताटाकडे बघत राहिली.

“माज्या पोटात येवडं कदी जात न्हाय, भाऊ,” म्हणाली. “आज कुनाची भूक हुती काय म्हाईत.”

मृणालने तिची ओटी भरली, साडी दिली. दुपारी मी तिला परत उत्तनला सोडायला निघालो. जाताना चौऱ्याहत्तर. ठीक आहे, मागे हिराताई होती. तिला दारात सोडलं, गाडी वळवली. आता सीट रिकामी. गावाबाहेर पडेपर्यंत मी मनगटाकडे बघायचं टाळलं. मग मिठागरांजवळ गाडी थांबवली आणि बघितलं.

चौऱ्याहत्तर.

मानेवर बोटं ठेवून मोजलं. तेवढेच. माझेच. सुनीताचं पोट भरलं, तिचे ठोके उतरले, ती सुटली, असं मी मोठ्याने म्हणालो. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही, देवाशपथ. पण रडू आवरेना. रस्त्याच्या कडेला गाडीवर बसून मी रडलो, हॉस्पिटलमधून तिला घरी आणलं तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

याचा खुलासा माझ्याकडे नाही. बाईक तीच आहे, घड्याळ तेच, रस्त्यावरचे खड्डेही तेच, त्यामुळे कृपा करून कुणी व्हायब्रेशन म्हणू नका. हिराताईच्या भुकेला योगायोग म्हणायचं तर म्हणा, मी वाद घालणार नाही. मृणालला आता नोटिफिकेशन येत नाहीत. बाईक विकायचं तीही बोलत नाही.

मी अजून रविवारी उत्तनला जातो. ताट घेतलं की पहिला घास आता नीट उतरतो. पण गाडीवर कधी कधी मी मुद्दाम खड्ड्यातून जातो, इंजिन उगाच खेचतो, थरथरीने का होईना, पण आकडा चढावा म्हणून. चढत नाही. चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर... मग मी मुकाट्याने पुढे बघून गाडी चालवतो.