काळ्या कोटाचे पांढरे धागे

“बिघडवलात ना फोन, वन्सं!”

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारीण गॅलरीत डोकावली. ओरडू नको तर काय करू? वन्संनी फोनमध्ये घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो उघडला होता, आणि त्यात आता आमची सगळ्यांची भुतं झाली होती. चेहरे निळे, दात काळे, आणि माझे केस, जे मी इतक्या निगुतीनं काळे करते, ते पांढरेशुभ्र. नवरा म्हणाला, “तुझा खरा फोटो आत्ता आला बघ.” मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो मुकाट्यानं आत गेला.

वन्सं मात्र खूश! “अगं ठिणगे, बिघडला नाही, सेटिंग आहे ते. रंग उलटे करायचं. आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली की उलटे, परत धरली की सुलटे. बघ, बघ!” आणि आम्हाला चार-पाच वेळा भुतं करून त्यांनी परत माणसात आणलं.

ठिणगी म्हणजे मी. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात वन्संनी हे नाव ठेवलं. का ठेवलं, ते मला ओळखणारं कुणी विचारत नाही. आणि वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, एका धुलाईच्या दुकानातली रफूगार. मी त्याच दुकानात काउंटरवर नोकरीला असते. कपडे घेते, चिठ्ठी टाचते, गिऱ्हाइकांशी भांडते. वन्सं मागच्या खोलीत खिडकीशी बसतात. कसर लागलेला स्वेटर असो, सिगारेटनं जळलेली पँट असो, त्या कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागे उपसायचे आणि भोकावर एकेक उभा, एकेक आडवा विणत जायचं. डाव्या मनगटावर पट्ट्यानं बांधलेली लोहचुंबकाची चकती असते, टाचण्या तिला चिकटून राहतात. सकाळी आल्या की आधी ती बांधतात, जाताना काढून डबीत ठेवतात. तीस-पस्तीस वर्षं हेच.

आणि अशा बाईच्या डोळ्यांनी दगा दिला. बघितलं की नेमकं मधलंच धूसर, कडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा आजार आहे, नुसत्या चष्म्यानं भागायचं नाही. जे बघायचं ते मोठं करून बघा, भरपूर उजेडात बघा. वन्सं घरी आल्या आणि दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. मी चिडचिड केली, जेवणाचं ताट आपटलं, काही उपयोग नाही. माझं कुणी ऐकत नाही ते असं.

त्याच सुमारास माझ्या लेकीनं नवा फोन घेतला आणि जुना आत्याला दिला. पोरीला वाटलं, आत्या बोलेल, गाणी ऐकेल. आत्यानं काय केलं? पहिल्याच दिवशी पडद्यावरची ॲपची सगळी चित्रं काढून टाकली! लेक म्हणाली, “आत्या, अगं ती लागतात.” “मला नाही लागत. मला दिसेल एवढंच ठेवणार.” उरली तीन, प्रत्येक पुरीएवढं: भिंग, टॉर्च आणि मी, म्हणजे माझा नंबर. मागची पाटी काळी कुळकुळीत, अक्षरं पिवळी आणि एवढी मोठी की ‘ठिणगी’ लिहायला एक ओळ पुरेना.

त्यानंतर या बाईला कोण आवरणार! सेटिंगमध्ये शिरल्या की जुन्या ट्रंकेत हात घातल्यासारखं, एकेक काहीतरी काढून मला दाखवायच्या. चालू-बंदचं बटण दोनदा दाबलं की थेट भिंग उघडतं. ‘टॉर्च लाव’ म्हटलं की टॉर्च लागतो. आलेला निरोप फोन स्वतः वाचून दाखवतो. माझा फोन आला की वाजायला त्यांनी दुकानातल्या वाफेच्या इस्त्रीचा आवाज भरून घेतला. मी फोन केला की खिशातून ‘फुस्स’! आणि वर म्हणतात कशा, “बघायलाच नको, कोण आहे ते कळतं.” मी आठवडाभर रुसले होते.

पण खरी कमाल त्यांनी दुकानात केली. मोडक्या टेबललॅम्पची वाकणारी मान घेतली, तिला पँट टांगायच्या हँगरचा चिमटा बांधला आणि चिमट्यात फोन आडवा धरला. खाली कापड, वर फोन, फोनमध्ये भिंग. करड्या पँटचे धागे पडद्यावर दोरखंडासारखे दिसायला लागले! वन्संनी मान जराशी तिरकी केली, डोळ्याच्या कडेनं पडद्याकडे पाहिलं आणि सुई घातली. मी काउंटर सोडून पळत आले होते. “वन्सं, जमतंय!” मी टाळ्याच पिटल्या. बाहेर गिऱ्हाईक बोंबलत होतं, बोंबलू दे.

आणि तेवढ्यात पडदा काळा.

त्यांनी बटण दाबलं, परत लागला. सुई घातली, परत काळा. दोन टाके झाले की काळा, कधी एकसुद्धा न होता काळा. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर तिथे अर्धा तास सुरळीत चालला. तो म्हणाला, “मावशी, फोन ठणठणीत आहे.” घरी चालतो, रस्त्यात चालतो, दुकानात माझ्या काउंटरवरही चालतो. वन्संच्या टेबलावर नेला की मान टाकतो! मी म्हटलं, “तुमच्या टेबलाला घाबरतो मेला.” वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी फोन परत पहिल्यासारखा करून पाहिला, सगळी सेटिंगं पुन्हा एकेक लावली, आणि पडदा टेबलावर पुन्हा काळा.

हे मालकांनी दारातून पाहिलं. माणूस वाईट नाही, पण दुकान त्यांना चालवायचंय. दुसऱ्या दिवशी ते मागच्या खोलीत टेप घेऊन आले आणि वन्संचा कोपरा मोजायला लागले. वन्सं खुर्चीतच होत्या हो! त्यांच्या पायाजवळून टेप गेला.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“वाफेचं प्रेस मशीन घ्यायचं म्हणतोय,” मालक टेप गुंडाळत म्हणाले. “रफूचं काम फारसं होत नाही आता. ताई, तुम्हालाही विश्रांती हवीच की.”

वन्सं सुईकडे बघत म्हणाल्या, “मला विश्रांती नकोय. मला काम द्या.”

मालक बाहेर गेले आणि एक काळा कोट घेऊन आले. एका तरुण मुलीनं टाकला होता; वडिलांचा कोट स्वतःच्या मापाचा करून घेतला होता तिनं, आणि वाद्यवृंदात पहिल्यांदा वाजवायला बसताना तोच घालायचा होता. छातीवर खिशाशेजारी नखाएवढं भोक, कसरीनं खाल्लेलं. “हा करून दाखवा,” मालक म्हणाले. “झाला तर मशीन नाही, खुर्ची तुमची. नाही झाला तर मात्र मला आग्रह करू नका. शनिवारी ती न्यायला येणार आहे.”

काळ्यावर काळा रफू! चांगल्या डोळ्यांची माणसंसुद्धा तो नको म्हणतात. काळ्या कापडात धाग्याला धागा दिसत नाही, सगळा एकच अंधार. मला मालकांचा असा संताप आला की मी चिठ्ठ्या टाचताना स्वतःच्या बोटात टाचणी घुसवून घेतली.

वन्सं कोट मांडीवर घेऊन बसल्या. फोन चिमट्यात लावला. काळा झाला. लावला. काळा झाला. मी शेजारी उभी राहून माझ्या फोनवरून लेकीला शिव्या घालत होते, “कसला भंगार फोन दिलास आत्याला!” ती बिचारी म्हणत होती, “आई, तो माझ्याकडे कधीच असा बंद पडला नाही.” मी रागानं माझ्या फोनच्या पाकिटाचं झाकण टप्पकन मिटलं आणि फोन टेबलावर आदळला.

उचलला तेव्हा झाकणाला एक टाचणी चिकटलेली.

मी ती काढली, सोडली. परत जाऊन चिकटली. झाकणात चुंबक! झाकण मिटावं म्हणून असतं ते, आणि ते मिटलं की फोनला कळतं, तो आपोआप झोपतो. रोज तर मी हे करते! मी वन्संच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. टाचण्यांनी भरलेली चकती, आणि कापड धरायला हात नेमका फोनच्या खाली.

“काढा!” मी किंचाळले. “वन्सं, आधी ते हातातलं काढा!”

“अगं, टाचण्या कुठे ठेवू?”

“माझ्या डोक्यावर ठेवा! काढा म्हणते ना!”

त्यांनी पट्टा सोडला. मी चकती लांब खिडकीत ठेवली. वन्संनी भिंग उघडलं, हात खाली घातला, इकडे हलवला, तिकडे हलवला. पडदा जागाच! त्यांनी खिडकीतली चकती आणून फोनजवळ धरली, झोपला. लांब नेली, बटण दाबलं, जागा झाला. “म्हणजे फोन मला झाकण समजत होता!” वन्सं म्हणाल्या, आणि आम्ही दोघी अशा हसलो की मालक धावत आले, काय झालं म्हणून. आम्ही सांगितलं नाही.

पण हसू फार टिकलं नाही. कोटाचं भोक पडद्यावर बशीएवढं दिसत होतं, आणि त्याच्याभोवती नुसता काळोख. टॉर्च लावला तर कापड चकाकायला लागलं. वन्सं सुईच्या टोकानं धागा शोधत राहिल्या. मान डावीकडे, मान उजवीकडे. शेवटी त्यांनी सुई कोटाला टोचून ठेवली.

“सापडत नाही गं,” त्या म्हणाल्या. “धागाच सापडत नाही मला.”

एवढ्या वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता. मला रडू आलं की मी भांडते, म्हणून मी भांडायला लागले. “सापडत नाही कसा? इतकी सेटिंगं केलीत, घरादाराला भुतं बनवलंत, माझे काळेभोर केस पांढरे करून दाखवलेत सगळ्यांना, आणि आता...”

वन्संनी मान वर केली. “काय म्हणालीस?”

“म्हटलं माझे केस...”

“काळ्याचे पांढरे!”

त्यांनी आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरली.

आई गं! काय सांगू! तो काळोख एकदम उजळला. कोट पांढराशुभ्र झाला, आणि त्यात एकेक धागा सावलीसकट वेगळा. उभे धागे कुठून येतात, आडवे कुठे तुटलेत, कोणता कुणाच्या खालून जातो, सगळं! मला, जिला रफूतलं ओ की ठो कळत नाही, तिलाही दिसत होतं. वन्संचा हात पडद्यावर निळाजांभळा भुताचा हात झाला होता, आणि त्या भुताच्या हातानं सुई उचलली.

“ठिणगे, दिसतंय,” वन्सं कुजबुजल्या. मग मोठ्यानं, “अगं दिसतंय मला! सगळं दिसतंय! तो बघ, तो बघ, तो तिसरा, तो मधेच तुटलाय!”

मी त्यांना मिठी मारली. “सुई आहे हातात, मूर्ख,” त्या ओरडल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग मला हाकलून दिलं, काम करायचंय म्हणाल्या.

पुढचे दिवस मी काउंटरवर होते म्हणजे नुसती देहानं. दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून मागे जायचं. टाचण्यांसाठी मी त्यांना माझ्या पावडरच्या डब्यातला पफ दिला. त्यावर टाचण्या टोचून ठेवायच्या. चकती टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवलेली. डोळे थकले की वन्सं ती फोनजवळ सरकवायच्या, पडदा झोपायचा, आणि त्याही डोळे मिटून बसायच्या. एवढ्या त्रासाचंसुद्धा बटण करून टाकलं या बाईनं!

शनिवारी मालक मागे आले. कोट टेबलावर पसरलेला. त्यांनी खिसा पाहिला, खिशाशेजारी पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. कोट उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मीही मागोमाग खिडकीशी. मालकांनी तळहात फिरवला, मग बोट, मग आतल्या बाजूनं बोट.

“ताई, कुठे होतं हो नेमकं?” त्यांनी विचारलं.

“हे काय, इथे,” म्हणून वन्संनी बोट ठेवलं. मग काढलं. जरा खाली ठेवलं. तिथूनही काढलं. मान तिरकी केली. मग फोन ओढला, भिंग उघडलं, कोट पांढरा केला आणि खिशाच्या कडेनं धागा धागा बघत निघाल्या. वरून खाली, खालून वर. मालक त्यांच्या एका खांद्यावरून वाकले होते, मी दुसऱ्या.

“काय झालं?” मी घाबरून विचारलं.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. सगळा चेहरा हसत होता.

“अगं ठिणगे,” त्या म्हणाल्या, “मलाच सापडत नाहीये!”

मालक सरळ झाले. खिशातून स्वतःचा फोन काढला आणि मशीनवाल्याला लावून म्हणाले, “नाही हो, राहू द्या. जागाच नाही आमच्याकडे.”