मामाच्या खुणा

माझा मामा दहा वर्षांपासून रुग्णांना घरून डायलिसिसला नेतो आणि परत पोहोचवतो. काचेवर चिकटवायच्या नकाशायंत्रात त्याने प्रत्येक घराची खूण करून ठेवली होती: इथे मागच्या फाटकाला पायऱ्या नाहीत, तिथे व्हीलचेअर गल्लीतून जाते. मामाच्या सुट्टीला यंत्र बदली ड्रायव्हरच्या गाडीत जायचं.

मग मालकाने नव्या गाड्या आणल्या. नकाशा डॅशबोर्डातच बसवलेला. जुनं यंत्र त्याने टेबलाच्या खणात टाकलं. म्हणे, काचेवर ते चिकटलेलं भिकार दिसतं.

गुरुवारी मामाची सुट्टी होती. नव्या नकाशाने बदली ड्रायव्हरला एका आजींच्या पुढच्या दाराशी नेलं आणि गोड आवाजात सांगितलं, ‘आपण पोहोचलात.’ आजी मात्र चौदा पायऱ्या उतरताना घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या.

शुक्रवारी मामा ऑफिसात शिरला तो तोफेसारखाच.

"अहो, पायऱ्यांचं नकाशाला काय कळणार?" मालक म्हणाला.

"मग महिनाभर मी कुणापुढे घसा फोडत होतो? भिंतीपुढे?"

"पण एवढा महागाचा नकाशा आहे..."

"आजींच्या प्लास्टरवर चिकटवा तो!"

मामाने स्वतःच खण उघडला, यंत्र उचललं आणि गाडीत जाऊन नव्या पडद्यावरच थापलं.

"अहो, पडदा झाकला की सगळा!" मागून धावत आलेला मालक ओरडला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मालक," मामा म्हणाला आणि आजींना आणायला निघाला. मागच्या फाटकाने.