म्हणजेरावांची पहिली ओळ

चौकातल्या चष्मेवाल्याला सगळे म्हणजेराव म्हणत. हे नाव कोणी ठेवलं, यावर समोरचा न्हावी आणि बाजूचा शिंपी अजून भांडतात. कोणी नुसतं पाणी मागितलं तरी हे सुरू करत : म्हणजे तहान आहे, म्हणजे ती जाणवणारा कोणीतरी आहे. तोवर मागणाऱ्याचा घसा आणखी कोरडा.

त्यांना एक खूळ होतं. कोणालाच नाकारता येणार नाही अशा एखाद्या साध्या गृहीतकापासून निघायचं, पायरी-पायरीने अणूंच्या जगाचे अजब नियम सिद्ध करायचे आणि शेवटच्या पायरीवर जाणीव गाठायची. पायऱ्या ते दुकानातल्या आरशावर मार्करने लिहीत. गिऱ्हाईक फ्रेम लावून बघायला गेलं की बरोबर कपाळावर पहिली ओळ यायची : 'हे म्हणजे ते नव्हे.' लग्न ठरलेल्या एकाने ती मनाला लावून घेतली आणि चष्माच घेतला नाही, असं शिंपी सांगतो.

पण खूळ हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. डोळे तपासताना भिंगं बदलत ते विचारत, हे बरं की ते? पुढे त्यांच्या लक्षात आलं, की पुष्कळदा विचारेपर्यंत माणसाकडे उत्तर तयारच नसतं. विचारल्यावर ते घडतं. प्रश्नांचा क्रम उलटा केला, की कधी कधी उत्तरही बदलतं. अणूंच्या जगात असंच काहीसं चालतं हे वाचलं, त्या दिवशी भिंग हातात तसंच धरून ते उभे राहिले. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं, तरी यांना पत्ता नाही.

बायकोने मात्र अख्ख्या संसारात त्यांना कधी 'बरोबर आहे' म्हटलं नव्हतं. स्क्रू बसवणं, फ्रेम गरम करून वाकवणं, रुसलेलं गिऱ्हाईक परत आणणं, सगळं तिच्याकडे. जगाने डोक्यावर घेतलं असतं तरी यांना ते दोन शब्द तिच्याच तोंडून हवे होते. ती म्हणायची, पुरं झालं की सांगा, एकदाच ऐकेन.

एका दुपारी शेवटची पायरी जमली. त्यांनी तिला तपासणीच्या खुर्चीत बसवलं आणि भिंगं पालटत सगळं सांगितलं. हे म्हणजे ते नव्हे. म्हणजे फरक आहे. म्हणजे प्रश्न विचारता येतो. म्हणजे विचारल्यावर उत्तर ठरतं. म्हणजे ते ज्याला कळतं असं कोणीतरी हवं. आली जाणीव. न्हावी दाराशी घुटमळत होता, म्हणून तर पुढचं गल्लीला कळलं.

तिने तपासणीची फ्रेम डोळ्यांवरून उतरवली.

"अहो, हे ते नव्हे, हे कळलं कोणाला?"

"म्हणजे?"

"खुर्ची रिकामी असती तर हे की ते, असं कोणाला विचारलं असतंत? जी जाणीव शेवटी आणली म्हणताय, ती पहिल्याच ओळीत येऊन बसलीय."

म्हणजेरावांनी आरशाकडे पाहिलं. ओळ पुन्हा वाचली. न्हाव्याला वाटलं, आता हा माणूस मटकन खाली बसणार; आयुष्याची कमाई एका फुंकरीत गेली. पण त्यांचा चेहरा उजळत चालला होता. ज्या जाणिवेपर्यंत पोचायला ते जिना बांधत होते, तीच पहिल्यापासून वीट उचलून देत होती. तिच्या मागे जाऊन उभं राहायला जागाच नव्हती.

त्यांनी छोटी बॅटरी उचलून तिच्या डोळ्यापुढे धरली. बाहुली आकसली. असे किती डोळे त्यांनी पाहिले होते, नंबर काढला आणि पुढचा बोलावला. आज आतून कोणीतरी त्यांच्याकडे बघत होतं.

"चुकलंच की मग सगळं," ते हलकेच म्हणाले.

"मागचं सगळं पुसा. पहिली ओळ बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि तो उजेड बाजूला करा, डोळ्यांत पाणी येतंय माझ्या."

ते दोन शब्दही त्यांना ऐकू गेले नाहीत. शेवटी तिनेच त्यांचं मनगट धरून बॅटरी खाली केली. आणि तरीही ते बघतच राहिले.