त्याचा एक्झिमा, माझी खरूज

"हात मागं घे!" मॅडम ओरडल्या.

बाळाला भरवायला मी वाटी पुढं केली होती. ती हिसकून त्यांनी भातासकट सिंकमध्ये टाकली. समोर त्यांच्या दोन मैत्रिणी कॉफी पीत बसलेल्या. मॅडमनी ओढणीचं टोक हाताला गुंडाळलं, माझं मनगट त्या टोकानं धरलं आणि उलटं करून त्यांना दाखवलं. "बघा ना, खरूज. आणि मी विचार करतेय, माझ्या पोराला येतंय कुठून!" एकीनं फोटो काढला. दुसरीनं पाय सोफ्यावर घेतले. आईशप्पत, पाय वर घेतले.

बेळ्ळंदूरच्या त्या टॉवरमध्ये मी स्वयंपाक करायची. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलेच, शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीतले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मॅडम पुण्याच्या, आयटीतल्या. पहिल्या दिवशी "अय्या, मराठी बाई मिळाली!" म्हणून नाचायच्याच काय त्या बाकी होत्या. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "बरं बरं" म्हणाल्या. तेव्हापासून देवघर मी पुसायचं नाही आणि माझा कप बाल्कनीत, झाडूशेजारी. तरी मी काम सोडलं नाही. त्याच टॉवरमधली आणखी दोन घरं त्यांच्या ओळखीनं मिळाली होती.

माझ्या हाताला लहानपणापासून इसब आहे. हवा कोरडी झाली की कातडी फाटते, रक्त येतं. भांड्यांच्या साबणानं आणखी पेटतं. धूळ उडाली की शिंका, शाळेत असताना दमासुद्धा. मॅडमच्या दहा महिन्यांच्या बाळाच्या गालांवर, कोपराच्या आत, गुडघ्यामागं अगदी तेच. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण त्याचा एक्झिमा, माझी खरूज. त्याला महागाची मलमं, हातांना मऊ सुती मोजे. तो खाजवायला लागला की "अगं बाई, माझं पिल्लू ते!" मी खाजवलं की "शी! आधी हात धू."

त्यांच्या सासूबाई पुण्याहून घाण्याचं शेंगदाणा तेल पाठवायच्या. त्यांच्याकडे बाळांना तेच चोळतात म्हणे. मॅडम रोज सकाळी ते त्याच्या फाटलेल्या अंगाला स्वतः रगडायच्या, वर डाळीचं पीठ. पोर किंचाळायचं. मी एकदा म्हटलं, "मॅडम, चिरलंय तिथं नको. स्वल्प, थोडं थांबा." तर म्हणाल्या, "आता तू मला शिकवणार?"

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या हाताचा फोटो टॉवरच्या ग्रुपवर गेला. खाली मॅडमचा मजकूर, 'माझ्या कुकला त्वचारोग आहे, सगळ्यांनी काळजी घ्या.' सकाळी वॉचमननं मला गेटवरच थांबवलं. दोन्ही घरांनी काढून टाकलं होतं. मॅडमनी तेवढं ठेवलं, कारण बाळ दुसऱ्या कुणाकडून खात नव्हतं. मला रबरी हातमोजे दिले. त्यांत घाम साचून आठ दिवसांत बोटांना फोड आले. भाकरीसुद्धा मी ते घालूनच थापली.

आणि मी खुळी, माझाही त्यावर विश्वास बसला. घरी माझं पांघरूण वेगळं केलं. थोरल्या बहिणीची, अक्काची पोरगी हात पसरून धावत यायची, मी तिला लांबूनच "नको गं" म्हणायची. ते आठवलं की आजही जीव जळतो.

मग चतुर्थीला मी साबुदाण्याची खिचडी केली. मॅडमनी हौसेनं चिमूटभर बाळाच्या तोंडात घातली. शेंगदाण्याचा कूट त्याच्या पोटात पहिल्यांदाच गेला. काही मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, श्वास घुरघुरू लागला. मॅडम फोन शोधत राहिल्या. मीच त्याला उचलून खाली पळाले, मॅडम मागून.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर पोर शांत झालं. डॉक्टरबाईंनी विचारलं, अंगावरचे हे जुने चट्टे कशानं? मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या हातांमुळं." डॉक्टरबाई उठल्या. माझा हातमोजा त्यांनी स्वतः काढला आणि उघड्या हातानं माझा हात धरून नीट पाहिला. कन्नडमध्ये म्हणाल्या, "बाळाला आहे तेच तुम्हाला आहे. हे कुणाला लागत नाही. हे मोजे आजपासून बंद."

बाळाच्या अंगाला काय लावता विचारलं, मी तेलाचं सांगितलं. मग मॅडमना इंग्रजीत समजावलं. मला पुरेसं कळलं. इसब असलेल्या लेकरांना खाण्याची ॲलर्जी व्हायची भीती जास्त असते. कातडी फाटलेली, त्यातून त्या तेलातला शेंगदाण्याचा अंश रोज आत जात असणार. अंगानं त्याला वैरी धरलं. मग तोच तोंडातून गेल्यावर हे झालं. तपासण्या करू म्हणाल्या, पण तेल आणि शेंगदाणा दोन्ही आत्ताच थांबवा.

परतताना कॅबमध्ये मॅडम माझ्याकडे वळल्या. वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलल्या. "तेलाचं कुणाला सांगू नकोस हं. सासूबाईंना वाईट वाटेल."

माझ्या डोक्यात सणक गेली. सासूबाईंना वाईट वाटेल! आणि मला काय वाटलं असेल?

"ग्रुपवर लिहा," मी म्हटलं.

"काय?"

"डॉक्टरांनी माझ्या हाताबद्दल जे सांगितलं ते. आणि तुम्ही खोटं लिहिलं होतं, तेही."

"अगं, लोक विसरलेसुद्धा. कशाला उकरून काढतेस? ग्लव्हज नको घालूस उद्यापासून, झालं?"

माफी देत होत्या मला! बाळ माझ्याच मांडीवर झोपलं होतं. टॉवरखाली मी ते त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "लिहाल तेव्हा बोलवा."

दुसऱ्या दिवशी सहा फोन आले. बाळ खात नाही, ये ना गं. त्या लेकराचा काय गुन्हा? तरी गेले नाही.

अजून तिनं एक ओळ लिहिलेली नाही. आता मी तिला मॅडमही म्हणत नाही. त्या टॉवरमध्ये कामाला येणारी प्रत्येक बाई सकाळी गेटवर नोंदीसाठी थांबते. मीही तिथं जाते. बाह्या वर करून सगळ्यांना सांगते, हे इसब आहे, हे लागत नाही. तेलाचंही सांगते, बाळाचंही सांगते. परवा वॉचमन म्हणाला, "अक्का, बाराव्या मजल्यावरून, तुमच्या त्या मॅडमकडून तक्रार आलीय, इथं उभ्या राहू नका." मी म्हटलं, "सरी, ठीक आहे, वर जाऊन सांग, खोटं खोडेपर्यंत ही बाई इथून हलायची नाही."