गारखेड्याची टोपली
भिजल्या मेथ्यांचा वास आला की अजून माझा जीव घाबरा होतो. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन आठवडा झाला होता. घरात उर्दू कागद सापडला तर माणसाला धरून नेतात, अशी आवई आमच्या गारखेड्यात उठली. वडील पाचोडला गेलेले, आईला अक्षरओळख नाही. तिनं त्यांची पेटी उपसली, सगळे कागद मेथ्या घालून भिजवले. मी ते उखळात कुटले अन् आम्ही मायलेकींनी पालथ्या घागरीवर लगद्याची टोपली थापली. वडील परतले तेव्हा ती ओलीच होती. त्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं. पहिलं घर कुणाचं, विहीर कुणी खणली, कुस्तीत नाव कुणी काढलं, ही गावाची हकिकत म्हाताऱ्यांकडून ऐकून त्यांनी वीस वर्षं लिहिली होती. लगद्यात नखं रुतवत ते मला म्हणाले, "एखादं तरी पान निघतंय का बघ गं!" आई रडत म्हणाली, "तुमाला नेलं असतं म्हंजी?" "सांगणारे समदे मेले गं," एवढंच ते बोलले. आता शेतांच्या कॉलन्या झाल्या. कुणी कुणी गावाचा इतिहास विचारत माझ्याकडे येतं. तो सगळा माझ्या घरात आहे. त्यात मी कांदे ठेवते.