मागच्या बाकावरचा माणूस

कोर्टातल्या लघुलेखिकेला सगळे स्टेनोबाई म्हणत. कान तीक्ष्ण, तोंडाला कुलूप. कोर्टातली गोष्ट त्यांनी कधी घराच्या उंबऱ्याआत आणली नाही. "भिंत सून म्हणून आणली असती, तर चार शब्द जास्त बोलली असती," असं सासूबाई शेजारणीला सांगत.

तो निकाल बाईंनीच टाइप केला होता. एका बाईचा नवरा सात वर्षं बेपत्ता होता. कोर्टानं त्याला मृत ठरवलं. दिराचं म्हणणं, भाऊ जिवंत आहे. दीर हरला आणि अपिलात गेला. बाईंच्या, म्हणजे खालच्या कोर्टात एवढंच उरलं, की विधवेच्या वकिलांची फी दिरानं द्यायची का, आणि किती.

सुनावणीला दीर आजारी म्हणून आला नव्हता. त्याच्या वकिलांनी विनवलं, अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबावं. उद्या माणूस जिवंत निघाला तर ही फी कशाची?

न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "तो जिवंत की मेलेला, हे आता वरचं कोर्ट बघेल. फीचा प्रश्न वेगळा आहे, तो मी आज ठरवणार."

हे ऐकायला मागच्या बाकावरचा एक माणूस पुढे वाकला. बाईंनी सहज मान वर केली आणि त्यांची पेन्सिल थांबली. मधोमध तुटलेली भुवई, उतरता खांदा. खटल्याच्या कागदांना जोडलेल्या फोटोतला, त्या बेपत्ता नवऱ्याचा चेहरा. विधवेनं मात्र एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मधल्या सुट्टीत तो त्यांना जिन्यापाशी दिसला. बाई पुढे झाल्या. आत येऊन न्यायाधीशसाहेबांना सांगा, म्हणाल्या.

"काय सांगू?" तो म्हणाला. "मी गेलो, असं तुम्हीच टाइप केलंय ना?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच बाईंना सोसेना. नोकरीत पहिल्यांदाच त्या न बोलावता साहेबांच्या खोलीत शिरल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. असा कुणी असेल तर त्यानं वरच्या कोर्टात उभं राहावं, म्हणाले. मूळ निकालाला आपल्याला आता हात लावता येत नाही. बाई धावत बाहेर आल्या. जिना रिकामा. दारावरचा शिपाई म्हणाला, सकाळपासून मागचे बाक मोकळेच होते.

दुपारी फीचा हुकूम झाला. बाईंनी तो टाइप केला.

अपील पुढे फेटाळलं गेलं. तिथं कुणी उभं राहिलं नाही. विधवा मूळ निकालाची नक्कल न्यायला आली, तेव्हा बाईंना राहवेना. त्यांनी हळूच विचारलं, त्या दिवशी मागे कोण बसलं होतं?

तिनं कागदांची घडी घातली. "तेच होते. घरीही येतात, दाराशी उभे राहतात. सात वर्षं वाट पाहिली मी, बाई. आता ओळख द्यायची नाही, असं ठरवलंय."

त्या संध्याकाळी बाईंनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई उठल्या आणि दाराची कडी लावून आल्या.